पर्यायाचा अर्ज आणि त्याची पोच

३१ ऑक्टोबर २००५ रोजी महाराष्ट्र शासनाच्या वित्त विभागाने एक शासन निर्णय काढला. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पासून, राज्य शासनाच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेच्या सेवेत नव्याने येणाऱ्या कोणालाही १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे पेन्शन मिळणार नव्हती. त्याऐवजी आली परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना. शिक्षकांच्या तोंडी तिचं नाव ‘डीसीपीएस’. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होईल तिचे १० टक्के पगारातून कापायचे, तेवढेच शासनाने घालायचे, आणि निवृत्तीच्या वेळी जे साठलं असेल त्यावर पुढचं आयुष्य काढायचं. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर वाढता महागाई भत्ता, ही हमी त्या दिवशी संपली.

या बदलाला तेव्हा जोरदार विरोध का झाला नाही, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही. ज्यांची पेन्शन जाणार होती ते अजून नोकरीतच नव्हते. जे नोकरीत होते त्यांची पेन्शन शाबूत होती. ज्याला विचारायला हवं होतं तो माणूस त्या वेळी डी.एड. करत होता किंवा जाहिरातीची वाट पाहत होता. मालकाला पेन्शनचा भार कमी करायचा असेल तर हा सर्वांत सोपा रस्ता असतो, आणि जगभर तोच वापरला गेला आहे. केंद्र सरकारनेही १ जानेवारी २००४ पासून हेच केलं होतं, फक्त सैन्यदलांना वगळून.

जालना जिल्ह्यातल्या जाफराबादसारख्या तालुक्यात या बदलाचा अर्थ फार थेट आहे. पूर्णा आणि केळणा नद्यांच्या संगमावरचं हे गाव. इथे मोठी कारखानदारी नाही. महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार देणारे म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळा, पंचायत समिती, तहसील, आरोग्य केंद्रं, अनुदानित संस्था आणि एसटीचं आगार. टेंभुर्णी, माहोरा, वरूड अशा गावांत २००५ नंतर शिक्षणसेवक म्हणून लागलेली पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे. त्याच शाळेत, त्याच वर्गाच्या भिंतीपलीकडे शिकवणारा एखादा सहकारी २००४ मध्ये लागलेला असतो. काम एकच, वेतनश्रेणी एकच, पण म्हातारपण वेगळं.

इतिहासातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. जाफराबाद हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा इथल्या हजारो कर्मचाऱ्यांचा मालक एका रात्रीत बदलला. पण राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ मध्ये तरतूद होती: पुनर्रचनेपूर्वीच्या सेवाशर्ती कर्मचाऱ्याच्या अहिताच्या दिशेने बदलायच्या असतील तर केंद्र सरकारची आगाऊ मंजुरी लागेल. मालक बदलला तरी शर्ती राखल्या गेल्या, कारण कायदा करणाऱ्यांनी तो धोका आधी ओळखला होता. बरोबर ४९ वर्षांनी, त्याच तारखेला लागू झालेल्या नव्या योजनेत नवीन माणसासाठी असं कोणतंही कवच नव्हतं.

पेन्शन म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा यांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे प्रमुख होते. पेन्शन हा केलेल्या सेवेचा मोबदला आहे, मालकाच्या मर्जीचा विषय नाही, असं त्या निकालाचं सार आहे. निवृत्त मंडळी दरवर्षी १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात तो यामुळे. मात्र हा निकाल ज्यांच्याकडे पेन्शनचा हक्क आहे त्यांना बळ देतो. योजनाच दुसरी लागू असलेल्याला तो जुनी योजना मिळवून देत नाही. अनेकांचा इथे गोंधळ होतो आणि न्यायालयात जाण्याच्या आशेवर वर्षं निघून जातात.

आता आकड्यांकडे वळू. कोणत्याही बदलाला उत्तर देण्यापूर्वी स्वतःचा हिशेब स्वतः मांडता आला पाहिजे. समजा, निवृत्तीच्या वेळी एका शिक्षिकेचं मूळ वेतन ७०,००० रुपये आहे आणि महागाई भत्ता ५० टक्के आहे. जुन्या योजनेत तिला ३५,००० रुपये आणि त्यावर ५० टक्के भत्ता, असे ५२,५०० रुपये महिन्याला मिळतील. डीसीपीएस पुढे ज्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, गेली, तिथे तिच्या खात्यात ६० लाख रुपये साठले आहेत असं धरू. सरकारी कर्मचाऱ्याला त्यातले किमान ४० टक्के, म्हणजे २४ लाख, विमा कंपनीकडे गुंतवून वार्षिकी घ्यावी लागते. साडेसहा टक्के दर धरला तर महिन्याला १३,००० रुपये. उरलेले ३६ लाख हाती येतात. तेही साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला १९,५००. एकूण ३२,५००.

पहिल्याच महिन्यात वीस हजारांचा फरक आहे. पण खरा फरक पुढे पडतो. वार्षिकीची रक्कम सहसा आयुष्यभर तीच राहते. जुन्या योजनेतली पेन्शन महागाई भत्त्याबरोबर आणि वेतन आयोगाबरोबर वाढते. ती वर्षाला सरासरी ५ टक्क्यांनी वाढली असं धरलं तर पंधरा वर्षांनी ५२,५०० चे सुमारे १ लाख ९ हजार होतात. तिकडे ३२,५०० चे ३२,५०० च राहतात, आणि औषधांचा खर्च त्याच काळात चढत असतो. म्हणून दोन योजनांची तुलना करताना पहिल्या महिन्याचा आकडा पाहून ठरवू नका, पंचाहत्तराव्या वर्षीचा आकडा काढा.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे पाहावी लागते. एनपीएसमधले ३६ लाख आणि योग्य प्रकारची वार्षिकी निवडली तर ते २४ लाखही मागे मुलांना राहतात. जुन्या पेन्शनमध्ये पती-पत्नी दोघं गेल्यावर, अवलंबून असणारं अपत्य नसेल तर, काहीही उरत नाही. ज्याची सेवा कमी, पण साठा चांगला, त्याचं गणित वेगळं येऊ शकतं. शेजारच्या गुरुजींनी कोणता पर्याय घेतला हे तुमच्या निर्णयाला पुरेसं कारण नाही.

नव्या योजनेच्या पहिल्या वर्षांतलं सर्वांत मोठं दुखणं मात्र वेगळंच होतं. खात्याचाच पत्ता नव्हता. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांची डीसीपीएस १ एप्रिल २०१५ पासून एनपीएसमध्ये गेली. जिल्हा परिषदांच्या शिक्षकांचं स्थलांतर त्यानंतर रेंगाळलं. मधल्या काळात पगारातून कपात झाली, पण हिशेबाची चिठ्ठी वेळेवर मिळाली नाही, शासनाचा हिस्सा कधी जमा झाला हे कळलं नाही, अशी तक्रार राज्यभरातून होत राहिली. आणि या काळात जो कर्मचारी सेवेतच वारला, त्याच्या घरी कुटुंब निवृत्तिवेतनही नव्हतं. तरुण वयात नवरा गेलेली बाई, पदरात लहान मुलं, आणि हाती काही लाखांची एकरकमी रक्कम. जुन्या पेन्शनच्या आंदोलनाला जी धार आली ती अशा घरांमुळे आली. २०१८ मध्ये शासनाने सेवेची दहा वर्षं पूर्ण होण्याआधी मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबाला १० लाख रुपये सानुग्रह अनुदान देण्याचं ठरवलं, तेही फार उशिरा.

पुढे राजकारणाचं वारं फिरलं. २०२२ मध्ये राजस्थानने जुनी पेन्शन परत आणल्याची घोषणा केली. छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल प्रदेश मागोमाग आले. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी योजना देता येणार नाही, १ लाख १० हजार कोटींचा भार पडेल, असं सांगितलं. लगेच जानेवारी २०२३ मध्ये शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका आल्या आणि पेन्शन हा त्यातला मुख्य विषय झाला. जाफराबादचे शिक्षक ज्या औरंगाबाद शिक्षक मतदारसंघात मतदान करतात तिथून विक्रम काळे पुन्हा निवडून आले. नागपूरला सत्ताधाऱ्यांच्या पाठिंब्याचे उमेदवार पडले.

१४ मार्च २०२३ रोजी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले लाखो सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. विश्वास काटकर हे संप पुकारणाऱ्या समन्वय समितीचे निमंत्रक होते. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. त्याच आठवड्यात अवकाळी पावसाने आणि गारपिटीने मराठवाड्यात रब्बीची पिकं झोपवली आणि तलाठी, कृषी सहायक संपावर असल्याने पंचनामे अडले. ज्याला स्वतःला कसलीच पेन्शन नाही असा शेतकरी नुकसानीच्या नोंदीसाठी थांबला होता. संपकऱ्यांची मागणी रास्त होती असं माझं मत आहे, पण त्या सात दिवसांत गावातली सहानुभूती आटली, हेही खरं. संजय गांधी निराधार योजनेत महिना हजार-दीड हजारावर दिवस काढणाऱ्या म्हातारीपुढे निम्म्या पगाराच्या पेन्शनची बाजू मांडायची असेल, तर तिच्या पेन्शनचीही मागणी त्याच निवेदनात असायला हवी होती. ती बहुतेक निवेदनांत नव्हती.

२० मार्चला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी चर्चा होऊन संप मागे घेतला गेला. सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती अभ्यासाला बसली होती. संपाने काय मिळवलं, असं आजही विचारलं जातं. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसमधल्या मृत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन आणि कर्मचाऱ्यांना उपदान लागू झालं. ज्यांची पदभरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती, पण नेमणूक नंतर झाली, अशा सुमारे २६ हजार जणांना जुन्या योजनेत जाण्याचा एकवेळचा पर्याय जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मान्य केला आणि २ फेब्रुवारी २०२४ ला त्याचा शासन निर्णय निघाला. १ मार्च २०२४ ला सुधारित योजनेची घोषणा झाली: शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन, त्यावर महागाई भत्ता, आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला त्या निवृत्तिवेतनाच्या ६० टक्के. केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ ला एकीकृत पेन्शन योजना, म्हणजे यूपीएस, जाहीर केल्यावर दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. असं करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य.

इथपर्यंतची गोष्ट वर्तमानपत्रांत आली. यापुढचं काम शाळेच्या टेबलावर आणि पंचायत समितीच्या खिडकीवर होतं, आणि ते कोणी छापत नाही. संपाने दार उघडलं तरी आत जायचं ते प्रत्येकाने आपापल्या अर्जाने. २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयात पर्याय देण्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. मुदतीत अर्ज न देणारा आहे त्याच योजनेत राहील आणि एकदा दिलेला पर्याय अंतिम असेल, असं त्यात होतं. म्हणजे गप्प बसणं हेही उत्तरच धरलं गेलं. मालकाने मांडलेल्या बदलात ही अट जवळजवळ नेहमी असते, म्हणून मसुदा हाती आला की सर्वांत आधी ‘पर्याय न दिल्यास’ ने सुरू होणारं वाक्य शोधावं.

या अर्जाला जोडायचं काय? मूळ जाहिरात. वीस वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्राचं कात्रण किंवा निवड समितीची अधिसूचना, निवडयादी, नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याचा अहवाल. ज्याने ट्रंकेत कात्रण जपलं होतं त्याचं काम सोपं. ज्याने नाही जपलं त्याला माहितीच्या अधिकाराखाली आपल्याच कार्यालयाकडून प्रत मागता येते, पण त्यालाही वेळ लागतो, आणि मुदत थांबत नाही. अंशतः अनुदानित शाळांत २००५ पूर्वी लागलेल्या आणि शाळेला १०० टक्के अनुदान नंतर मिळालेल्या शिक्षकांचा वाद तर न्यायालयांत गेला. तिथेही सगळा भर नेमणुकीच्या कागदावर आणि अनुदानाच्या तारखेवर राहिला.

हाच धडा एसटीच्या माणसांना वेगळ्या रस्त्याने मिळाला. जालना विभागातल्या आगारांपैकी एक जाफराबादला आहे. एसटीचे चालक-वाहक १६ नोव्हेंबर १९९५ पासूनच्या कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस-९५ मध्ये, येतात. तिथे सूत्र असं: निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. वेतनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये, त्याआधी ६,५००. पगार कितीही असो, हिशेब या मर्यादेवर, त्यामुळे तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्याच्या हातात दोन-चार हजार पडतात. पूर्ण पगारावर पेन्शन घेण्यासाठी मालक आणि कामगार यांनी मिळून संयुक्त पर्याय द्यायचा, अशी तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात पात्र लोकांना तो द्यायला आणखी संधी दिली. मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. पण १ सप्टेंबर २०१४ पूर्वी निवृत्त झालेल्या ज्यांनी सेवेत असताना पर्याय दिला नव्हता, ते बाहेर राहिले. त्यांच्यापैकी अनेकांना असा पर्याय असतो हेच कधी कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या बुलढाण्यात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर २४ डिसेंबर २०१८ पासून कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रीय संघर्ष समितीने साखळी उपोषण धरलं, ते किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागण्यासाठी. किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली होती.

बदल करण्यापूर्वी कामगाराला विचारायचं, असा कायदा कुठे आहे का? ब्रिटनमध्ये २००६ पासून आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला पेन्शनमध्ये मोठा बदल करायचा असेल तर किमान ६० दिवस सल्लामसलत करावी लागते, प्रस्ताव आणि त्याचा परिणाम लेखी द्यावा लागतो. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं: भविष्य निर्वाह निधी किंवा पेन्शन निधीतल्या मालकाच्या अंशदानात बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद कलम ४० मध्ये आहे. कारखान्यातल्या कामगाराला तिचा आधार आहे. सरकारी सेवानियम लागू असणाऱ्यांना १९४७ च्या कायद्यानेच वगळलं होतं, आणि शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात ठरवलं. म्हणून जाफराबादच्या शिक्षिकेला नोटिशीचा हक्क नाही. तिच्याकडे आहे ते निवेदन, संघटना, मत आणि पर्यायाचा अर्ज. हा माझ्या मते आपल्या कायद्यातला मोठा अन्याय आहे, आणि पुढच्या कोणत्याही पेन्शन-आंदोलनाच्या मागण्यांत ‘बदलापूर्वी लेखी प्रस्ताव आणि ६० दिवस’ ही मागणी पहिल्या तीनात असली पाहिजे.

निवेदन कसं लिहावं याबद्दल थोडं. ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’ या वाक्याने सुरू होणारी निवेदनं फायलीत जातात. शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक, आपली नेमणुकीची तारीख, आपल्या बाबतीत त्या निर्णयातला कोणता परिच्छेद कसा लागू होतो, आणि नेमकं काय हवं, एवढं एका पानात यावं. सोबतची कागदपत्रं क्रमांक घालून जोडावीत. दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मुख्याध्यापकांकडे दिलेला अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोहोचला का, तिथून जालन्याला जिल्हा परिषदेच्या वित्त विभागाकडे गेला का, हे जावक क्रमांक घेऊन विचारावं. संघटनेने एकत्रित यादी दिली तरी स्वतःचा अर्ज स्वतंत्र द्यावा, कारण यादीतलं नाव पर्याय म्हणून धरलं जात नाही.

सुधारित योजना, यूपीएस आणि एनपीएस यांतून निवड करताना मसुद्यात तीन ठिकाणी थांबावं. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी किती वर्षांची सेवा लागते: केंद्राच्या यूपीएसमध्ये ती २५ वर्षं आहे आणि ५० टक्के मोजले जातात ते शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनावर. खात्यात साठलेल्या रकमेचं काय होतं, म्हणजे ती तुमच्या हातात येते की हमीच्या बदल्यात शासनाकडे जाते. आणि मधेच काढलेल्या रकमेचा परिणाम किती. उशिरा नोकरी लागलेल्या, पस्तिशीत रुजू झालेल्या माणसाने पहिल्या मुद्द्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. त्याची २५ वर्षं ५८ व्या वर्षापर्यंत भरतच नाहीत.

सेवापुस्तिका वर्षातून एकदा पाहण्याचा आणि नोंदींवर सही करण्याचा तुम्हाला हक्क आहे. या महिन्यात ती मागून घ्या. पहिली नेमणूक, शिक्षणसेवक कालावधी, खंड, विनावेतन रजा, वारसांची नावं, एनपीएस खात्याचा प्रान क्रमांक या नोंदी वाचा, मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, आणि जिथे चूक दिसेल तिथे दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या. घरात जोडीदाराला ही फाइल कुठे ठेवली आहे ते दाखवा.